पोरं घेऊन ये

हाणामारीची खबर आली की मी आधी एकच गोष्ट विचारते: पहिला फोन कुणी केला? कुणी कुणाला मारलं, कशानं मारलं, हे नंतर. जामखेड तालुक्यातल्या गावांत मी बरीच वर्षं किशोरवयीन मुला-मुलींबरोबर काम करते आहे. पोरांची जेवढी भांडणं जवळून पाहिली, त्यांतली बहुतेक एका वाक्यावर फिरली: "लवकर ये, पोरं घेऊन ये." त्या वाक्याआधी फक्त दोघं असतात. एकानं दुसऱ्याला खुन्नस दिलेली असते, गाडीचा कट मारलेला असतो, नाहीतर कुणाच्या स्टेटसवर कुणी हसलेलं असतं. दोघंच असतील तर शिव्या होतात, गचांडी धरली जाते, एखादं बटण तुटतं आणि दोघंही घरी जातात. फोन गेला की पंधरा मिनिटांत चार-पाच गाड्या येतात, एकेका गाडीवर तिघं तिघं. आलेल्यांना भांडणाचं कारणही धड माहीत नसतं. ज्याच्यासाठी ते आले, त्याला आता माघार घेता येत नाही. घेतली तर उद्यापासून त्याच्या हाकेला कुणी येणार नाही, अशी त्याची खात्री असते. मग दगड येतात, काठ्या येतात, कधी कोयता निघतो.

पोरांमधली गुन्हेगारी रोखायची म्हणून जे काही करतो, त्यात माझं लक्ष त्या फोनच्या आधीच्या मिनिटांवर असतं. त्या मिनिटांत पोराला दुसरं काही सुचतं का, आणि त्यानं हाक मारलीच तर कोण येणार, यावर पुढचं सगळं ठरतं. सुचणं शिकवता येतं, असा माझा अनुभव आहे. कोण येणार हेही बदलता येतं, पण त्याला वेळ लागतो.

मुलांच्या कामात मी आले ती मुलींमुळे. सुरुवातीला आमचे वर्ग फक्त मुलींचे होते. रक्तक्षय, पाळी, आहार, बालविवाहाचा कायदा, थोडं कराटे. शाळा सुटल्यावर समाजमंदिरात मुली जमायच्या. एकदा बालविवाहावर बोलत असताना नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "ताई, हे आमचं पाठ झालंय. थांब्यावर जी पोरं उभी असत्यात, त्यांना कोण सांगणार?" तिच्यामागून एकेक जण बोलायला लागली. थांब्यावर रोज कोण उभं असतं, गाडी आडवी कोण लावतं, नंबर कोण मागतं. घरी सांगितलं तर काय होतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्या पोराला जाब विचारायला कुणी जात नाही, मुलीची शाळा बंद होते. खेड्यातल्या शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून, आणि अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यातलं. पास हातात असतो, गाडीही येते, पण घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता मुलीला चालता येत नाही. घरी बसलेल्या मुलीला मग वर्षभरात स्थळ येतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्यामागे दुष्काळ आहे, हुंडा आहे, ऊसतोड आहे. थांब्यावरची शिट्टीही आहे, आणि तिची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मुलांचा पहिला गट उभा राहिला. तो कसा उभा करायचा याची वाट जामखेडमध्ये आधीच पाडलेली होती. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे 1970 मध्ये इथं आले. गावानंच निवडलेल्या, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका घडवल्या, हे जगभर माहीत झालं. 1979 चा मॅगसेसे पुरस्कारही त्या दोघांना मिळाला. या कामाची जी बाजू फारशी सांगितली जात नाही, ती आहे व्हॉलीबॉलची. डॉक्टर संध्याकाळी गावात जायचे आणि तरुण पोरांना जमवून व्हॉलीबॉल खेळायचे. वेगवेगळ्या जातींची पोरं एका जाळ्याच्या दोन बाजूंना उभी राहायला लागली, खेळ संपल्यावर बसून बोलायला लागली, आणि त्यातून गावोगावची तरुण शेतकरी मंडळं तयार झाली. पुढं याच मंडळांनी झाडं लावली, पाणी अडवलं, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवलं. दुष्काळात गावोगावी कूपनलिका घेतल्या तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथं जावं लागेल. जातीवर भाषण देण्यापेक्षा माणसांची ऊठबस कुठं होते ती जागा बदलायची, ही रीत मी तिथून उचलली. आरोळ्यांच्या प्रकल्पात किशोरवयीन मुलींचे आणि मुलांचेही गट चालवले गेले. आमच्यासारख्या छोट्या गटांना त्या कामाचा आधार वाटत आला आहे.

तेव्हा आम्हीही जाळं बांधलं. संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे हा एकच नियम ठेवला. गल्लीचा संघ नाही, वस्तीचा नाही, भावकीचा तर नाहीच. पहिले काही आठवडे यावरच वाद झाले. "आमचा आम्ही संघ करतो ना ताई, खेळ चांगला होईल." खेळ चांगला झाला असता, यात शंका नाही. पण ज्याच्या हातात आपण चेंडू द्यायचा तो पोरगा कोण, हे चिठ्ठीनं ठरायला लागलं तसं मैदानाबाहेर कोण कुणाच्या गाडीवर बसतं हेही हळूहळू बदललं. एका गावात याला दोन पावसाळे लागले, दुसऱ्या एका गावात अजून झालेलं नाही.

आमच्या भागातल्या पोरांबद्दल बोलताना ऊसतोडीच्या हंगामाबद्दल बोलावंच लागतं. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घरी म्हातारी माणसं आणि पोरं. धाकटी मुलं बऱ्याचदा आईबापांबरोबर फडात जातात. तेरा-चौदा ते सोळा-सतराची पोरं दहावी-बारावीसाठी मागं राहतात. सकाळी शाळा किंवा कॉलेज असतं, दुपारी झोप. संध्याकाळी घरात आजी, चूल आणि टीव्ही. तेव्हा ती टपरीवर येतात. टपरीवर मावा असतो. नगरकडच्या वाचकाला मावा सांगायला नको, इतरांसाठी सांगते. सुपारीचं खांड, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला तो ऐवज. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण मावा मिळायला कुणाला अडचण पडलेली मी पाहिली नाही. तो उधारीवरही मिळतो. उधारी वाढते, टपरीवाला तगादा लावतो, आणि मग कुणीतरी मोठा पोरगा सांगतो की अमक्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्री कापून आणली तर तांब्याचे पैसे लगेच मिळतात. केबल माळावर जाळायची, उरलेलं तांबं भंगारात द्यायचं. शेतकऱ्याचं ऐन पाण्याच्या पाळीला हजारो रुपयांचं नुकसान, पोराच्या हाती चार-पाचशे. आमच्याकडची कितीतरी पोरं पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढली ती या केबलपायी.

आजीला यातलं काही कळत नाही असं समजू नये. एका आजींनी मला दारात थांबवून सांगितलं होतं, "बाई, ह्याच्या हाताला वास येतोय जळक्याचा. मी इचारलं तर बोलत नाय. तू इचार." ठाण्याच्या कुठल्याही खबऱ्याआधी ही बातमी माझ्याकडे आली, कारण आमची घरोघर ऊठबस होती. तो मुलगा चोरीतून बाहेर पडला. त्यासाठी आधी टपरीची उधारी फेडावी लागली. गटातल्या पोरांनी ती वर्गणी काढून फेडली आणि पुढचे दोन महिने त्यानं मैदान झाडायचं असं ठरवलं. माझ्या मनात समुपदेशनाचे वर्ग होते. पोरांनी काढलेला तोडगा जास्त कामाचा निघाला.

आता तो वर्ग, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर मी खडूनं एक लांब रेघ ओढते. उजव्या टोकाला लिहिते: दवाखाना. गावात नुकतंच झालेलं एखादं भांडण घ्यायचं आणि ते उलटं सांगायचं, दवाखान्यापासून मागं मागं. त्या दिवशी ज्या भांडणाबद्दल बोलत होतो, त्यात आमच्याच गटातला एक अकरावीतला मुलगा होता. दुसऱ्या गावच्या पोराच्या डोक्याला टाके पडले होते आणि प्रकरण कसंबसं मिटवलं गेलं होतं. पोरं सांगत गेली, मी रेघेवर लिहीत गेले. टाके पडले, त्याच्या आधी दगड. त्याच्या आधी गाड्या आल्या. त्याच्या आधी फोन.

"फोनच्या आधी?"

"तो हसला ताई, ह्याच्याकडं बघून."

"त्याच्या आधी?"

कुणीच बोललं नाही. मग त्या मुलानं स्वतःच सांगितलं. दुपारी वडिलांचा कारखान्यावरून फोन आला होता. आईला फडात कोयता लागला होता, पायाला. मुकादम दवाखान्याला सुट्टी देत नव्हता. "मला म्हणले तू काय करणार, तू अभ्यास कर." तो जेवला नव्हता. संध्याकाळी पेट्रोल पंपाजवळ उभा असताना समोरचा हसला. तो नेमका कशाला हसला होता हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

ओट्यावर बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांचे आईबाप तेव्हा कारखान्यावर होते. रेघ खूप लांबली, पार ओट्याच्या कडेपर्यंत गेली. मी प्रत्येकाला एक खडा दिला आणि सांगितलं, ज्या जागी हे थांबवता आलं असतं असं वाटतं तिथं ठेवा. बऱ्याच जणांनी फोनवर ठेवला. दोघांनी वडिलांच्या फोनवर ठेवला, "तेव्हाच आम्हाला सांगितलं असतं तर," म्हणून. एक पोरगा खडा हातात धरून बसला होता. त्यानं तो फोन आणि गाड्या यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ठेवला. म्हणाला, "फोन मला आला होता. मी चौघांना घेऊन गेलो. एकटा गेलो असतो तर ह्याला गाडीवर बसवून घरी आणलं असतं."

त्या दिवसापासून गटात एक शिरस्ता पडला. हाक आली की जायचं, पण एकट्यानं जायचं. गाडीचं मागचं सीट रिकामं ठेवायचं. ज्यानं हाक मारली त्याला त्या सीटवर बसवून निघायचं, मग हिशोब काय करायचा तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बसून. मी हा नियम केलेला नाही. पोरांनी केला म्हणूनच तो टिकला. दर वेळी पाळला जातो असा माझा दावा नाही, पण पाळला गेला तेव्हा काय टळलं ते मी पाहिलं आहे.

कायद्याचा तास याच रेघेवर होतो. पोरांचं आवडतं वाक्य असतं, "मी फक्त उभा होतो." पाच किंवा जास्त जण एका बेकायदा हेतूनं जमले की तो बेकायदेशीर जमाव होतो, आणि त्या हेतूपायी एकानं केलेल्या गुन्ह्याला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो. आधी हे भारतीय दंड संहितेच्या 149 व्या कलमात होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 190 व्या कलमात आहे. तीन गाड्यांवर तिघं तिघं म्हणजे नऊ जण. हा हिशोब केला की ओट्यावर चुळबुळ सुरू होते. आमच्याकडे पहाटे उठून पळणारी पोरं भरपूर आहेत. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, पोलीस भरतीचे पन्नास गुण. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर भागत नाही, तेव्हा वर्दी हीच त्यांची मोठी आशा असते. अठरा पूर्ण झाल्यावर अंगावर पडलेला गुन्हा चारित्र्य पडताळणीत समोर येतो आणि कित्येक वर्षांचं पळणं वाया जाऊ शकतं. म्हणून भरतीची तयारी करणारी एकवीस-बावीसची पोरंच मी धाकट्यांच्या गटात दादा म्हणून आणते. त्यांना गमावण्यासारखं काहीतरी असतं आणि धाकट्यांना ते दिसतं. माझ्या तासभर बोलण्यानं जे होत नाही ते पहाटे त्यांच्याबरोबर पळण्यानं होतं.

"फक्त उभा होतो" याला दुसरीही बाजू आहे. आमच्या तालुक्यात पोरांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही 28 एप्रिल 2014 विसरता येत नाही. तालुक्यातलं खर्डा गाव म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातली 1795 ची लढाई आठवायची. त्या दिवसानंतर सतरा वर्षांचा एक दलित मुलगा आठवतो. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. खटला चालला, साक्षीदार फिरले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मी या घटनेवर गटात बोलते, आणि बोलू नका असं मला एकदा नव्हे अनेकदा सांगितलं गेलं आहे. गावात तेढ वाढेल म्हणतात. मला वाटतं तेढ न बोलण्यानं वाढते. पोरांना मी एवढंच विचारते, की भर दिवसा एखाद्या पोराला मारत नेलं जातं तेव्हा बघणारे किती असतील? त्या बघणाऱ्यांत तू असतास तर? मास्तरांना हाक मारणं, 112 ला फोन लावणं, मोठ्यानं ओरडणं, आणि नंतर जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगणं. यातली प्रत्येक गोष्ट करायला धीर लागतो आणि धीराचाही सराव करावा लागतो. आम्ही नाटुकलं करून तो सराव करतो. पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्या-चौथ्यांदा ज्याला मार खाणाऱ्याची भूमिका दिलेली असते त्याचा चेहरा बदलतो आणि हसणं थांबतं.

प्रेमाबद्दलही बोलावं लागतं, आणि स्पष्ट बोलावं लागतं. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी पळून गेले तर मुलीची संमती कायद्यात धरली जात नाही, 2012 चा पोक्सो कायदा लागतो, अपहरणाचं कलम लागतं. हे ज्या पोरांना आधी माहीत होतं त्यांच्यातल्या काहींनी थांबायचं ठरवलं. मुलीचा पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं हा गुन्हा आहे, हेही सांगते. पण इथं कलमांपेक्षा मुलींचं बोलणं जास्त पोचलं. मुलींच्या गटानं थांब्यावरच्या अनुभवांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, नाव न घालता. त्या मी मुलांच्या गटात मुलांकडूनच मोठ्यानं वाचून घेतल्या. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "तू रोज गाणं म्हणतोस म्हणून माझा बाप मला शाळेत पाठवत नाही." वाचणाऱ्याचा आवाज मध्येच थांबला, कारण गाणं म्हणणारा कोण ते त्याला माहीत होतं. मुंबईत 1993 पासून काम करणाऱ्या मावा (MAVA) या संस्थेनं, हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुरुषांनीच पुरुषांशी बोलायला हवं हे फार आधी ओळखलं. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा दिवाळी अंक आमच्या पोरांच्या हातात पडला तेव्हा पुरुषांच्या रडण्यावर कुणी लिहितं याचंच त्यांना नवल वाटलं होतं.

गटात पारधी वस्तीवरचे दोघं यायचे. गावात मोबाईल चोरीला गेला, मोटारसायकल गेली, की पहिली नजर त्यांच्या पालांकडे. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी केली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. नजर राहिली. एका चोरीनंतर त्या दोघांना उचलायला गाडी आली, तेव्हा गटातली आठ-दहा पोरं ठाण्यात गेली आणि सांगितलं की त्या वेळी दोघं आमच्याबरोबर मैदानावर होते. वहीत हजेरी होती, तीही दाखवली. दोघं त्याच रात्री घरी आले. आमच्या हजेरीच्या वहीचा असा उपयोग होईल हे मला कधी सुचलं नसतं. जामखेडजवळ मोहा फाट्यावर ॲड. अरुण जाधव यांच्या ग्रामीण विकास केंद्राचं निवारा बालगृह आहे, भटक्या-विमुक्तांच्या आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी. तिथल्यासारखी कामं बघितली की कळतं, पालावरच्या मुलाला जीवनकौशल्यं शिकवायच्या आधी त्याच्यावरचा संशय उचलावा लागतो, आणि ते शिक्षण गावालाच द्यावं लागतं.

जीवनकौशल्यांची यादी तशी तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात दहा कौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या जागी उभं राहणं, निर्णय घेणं, भावना आणि ताण सांभाळणं वगैरे. जानेवारी 2014 मध्ये केंद्रानं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, त्यात 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी आहार, प्रजनन आरोग्य यांच्या जोडीला मानसिक आरोग्य, व्यसन आणि हिंसा हेही विषय घेतले, गावातलीच मुलं साथी म्हणून नेमायची असं ठरवलं. हे सगळं बरोबर आहे. माझी तक्रार अंमलबजावणीच्या वेगाबद्दल आहे. देणगीदारांचे प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात. बाराव्या वर्षी गटात आलेला मुलगा पंधराचा होतो, म्हणजे खरी गरज सुरू होते, तेव्हा प्रकल्प गुंडाळला जातो आणि अहवालात 'लाभार्थी' म्हणून त्याची मोजणी पूर्ण झालेली असते. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायात फुटबॉल दिला. त्यावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला तेव्हा आमच्या पोरांनी तो मोबाईलवर गर्दी करून पाहिला. मंजुळे शेजारच्या करमाळा तालुक्यातले, म्हणून पोरांना तो घरचाच वाटला. सिनेमा तीन तासांत संपतो. बारसे सर त्या पोरांबरोबर वर्षानुवर्षं राहिले, हे मी त्यांना पुनःपुन्हा सांगते.

या पोरांसाठी आमच्याशी चढाओढ करणारे दुसरेही आहेत आणि त्यांच्याकडे पैसा आहे. वाढदिवसाला चौकात डिजिटल बोर्ड, तलवारीनं केक, त्याची रील, खाली भाई म्हणून कॉमेंट. ज्या पोराला घरात, शाळेत कुणी नावानं हाक मारत नाही, त्याचा फोटो अचानक चौकात लागतो. त्यानं हुरळून जाऊ नये असं म्हणणं सोपं आहे. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या येतात, आमची पोरं त्या रील पुढं पाठवतात. ज्या कोयत्यानं त्यांच्या आईबापांचे हात सोलले जातात, तोच त्यांनी रीलमध्ये मिरवावा याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे मी त्यांना तोंडावर बोलते. बोलणं पुरत नाही, म्हणून गटात प्रत्येकाचा वाढदिवस मैदानावर होतो. त्या दिवशी संघाचा कप्तान तो, आणि प्रत्येकानं त्याच्याबद्दल खरी असलेली एक चांगली गोष्ट सांगायची.

कायद्याच्या कचाट्यात सापडलेला मुलगा परत येतो तेव्हाचं काम सगळ्यात अवघड. सोळा-सतराच्या मुलाला कागदावर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. किरकोळ गुन्ह्यात एफआयआरही नोंदवायचा नसतो, डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल पुरतो. पालकांना यातलं काही माहीत नसतं, आणि फडातून यायचं तर मुकादम मजुरी कापतो. अशा एका मुलाबरोबर मी नगरला मंडळापुढं गेले होते. अहवालात लिहायला माझ्याजवळ काहीतरी होतं: तो गटात किती दिवस येतो, कुणाबरोबर खेळतो, घरी कोण आहे. मंडळानं त्याला देखरेखीखाली घरी सोडलं. गावात आल्यावर शाळेतल्या मुलांनी चोर म्हणून हाका मारल्या. तो गटातही यायचा बंद झाला. मग ज्यानं त्या ओट्यावर फोन आणि गाड्यांच्या मध्ये खडा ठेवला होता, तो रोज संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहायला लागला. आत बोलवलं तर जायचा, नाहीतर दारातूनच परत. बऱ्याच दिवसांनी दोघं एका गाडीवर मैदानावर आले. तो मुलगा आता गॅरेजमध्ये काम शिकतो आणि गटात लहान मुलांचा पंच असतो.

यंदा ऊसतोडीचे कोयते निघायच्या आधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मध्ये, आम्ही दोन गावांत पालकांच्या बैठका घेणार आहोत. मागं राहणाऱ्या प्रत्येक पोरासाठी गावातलं एक मोठं माणूस ठरवायचं आहे, ज्याचा नंबर आईबापांकडेही असेल आणि पोराकडेही. कारखान्यावर काही बरंवाईट झालं तर पोराला एकट्याला फोन न करता आधी त्या माणसाला सांगायचं. हे पोरांनीच सुचवलं आहे. मुलींच्या गटाचीही एक मागणी आहे. आठवड्यातले दोन दिवस मैदान त्यांना हवं आहे, आणि त्या दिवशी थांब्यावर कुणी उभं राहायचं नाही. पहिली गोष्ट मुलांनी मान्य केली आहे. दुसरीवर शनिवारी बैठक आहे.